पूजेतला कॅमेरा

पाचव्यांदा तीच चौकट लॅपटॉपवर आली तेव्हा मी टेबलावर अशी मूठ आपटली की चहाचा कप लवंडला. चौकटीत इंग्रजीत लिहिलं होतं की जोडलेलं उपकरण ओळखता येत नाही. अरे, ओळखता येत नाही म्हणजे काय? कॅमेरा आहे तो. रस्त्यावरच्या कुणालाही दाखवा, सांगेल की कॅमेरा आहे. आणि हे एवढं शहाणं यंत्र, पासवर्ड विचारल्याशिवाय जे तोंड उघडत नाही, ते म्हणतं मी याला ओळखत नाही. दिमाग खराब करून टाकला त्या चौकटीने.

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकतो. सुदामा नगरात आमच्या गल्लीत उदयसिंह जगदाळे कुठे राहतात असं विचारलंत तर लोक घर नंबर सांगणार नाहीत, म्हणतील, अच्छा, वो गुस्सेवाले बाबूजी. वीज मंडळात लाइन इन्स्पेक्टर होतो. खांबावर चढलेल्या माणसाला खालून ओरडून सांगावं लागतं, त्यात आवाज मोठा झाला आणि मोठाच राहिला, असं मी आजवर सांगत आलोय. माझी मुलगी मधुरिमा म्हणते की बाबा, घरात खांब नाहीये.

पण या वेळचा राग खामखाचा नव्हता. माझी बायको विनीता, वय पासष्ट. तिचा डावा डोळा काचबिंदूने चार वर्षांपूर्वीच गेला. उजव्यात मधोमध थोडं उरलंय, दार किलकिलं करून बाहेर बघावं तेवढं. मंगळवारी त्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून साफ सांगितलं की डोळ्यातलं प्रेशर उतरवलं नाही तर वर्षभरात सगळं जाईल. ऑपरेशन केलं तर बहुतेक टिकेल, पण एखाद्याचं उरलेलं ऑपरेशनमध्येही जातं. कागदावर मी सही केली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "मंगळवारच्या आत मला माझे फोटो बघायचेत. मोठे करून."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. या बाईने माझ्याकडे तोंड उघडून कधी साडी मागितली नाही, तीर्थयात्रा मागितली नाही. आणि मागून मागितलं काय, तर फोटो. ते मी देऊ शकत नाही म्हणजे काय?

माझे फोटो म्हणजे तिने काढलेले. दोन हजार सातच्या दिवाळीला तिच्या भावाने मस्कतहून हा कॅमेरा आणून दिला होता. चांदीच्या रंगाचा, साबणाच्या वडीएवढा. मग काय, बाई त्या कॅमेऱ्याच्या नादीच लागली. लोक लग्नाचे, मुंजीचे फोटो काढतात. ही काढायची इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री, समोरच्या लीलाबाई गच्चीवर बटाट्याचे पापड वाळवताना, माझी आई ताटात गहू निवडताना, मधुरिमा पुस्तक उघडं टाकून झोपलेली. आई दोन हजार अकरात गेली. लीलाबाईही गेल्या. मधुरिमा आता विजय नगरात एका कंपनीत नोकरी करते आणि तिच्या मुलीला चष्मा लागलाय. पाच वर्षांचे फोटो, सगळे त्या कॅमेऱ्यात. एकही छापलेला नाही. तेव्हा जो तो म्हणायचा, डिजिटल आहे, कधीही काढता येतील. आम्ही घरच्या कंप्युटरला जोडून बघायचो, तो कंप्युटरही भंगारात गेला.

कॅमेरा शोधावा लागला नाही. तो दसऱ्याच्या पेटीत असतो. माझे पणजोबा होळकर सरकारच्या रिसाल्यात होते. त्यांची तलवार, एक दांडपट्टा आणि मूठ तुटलेली कट्यार, एवढं आमच्या वाट्याला आलं. दसऱ्याला ती पाटावर मांडून पूजा होते. आणि आमच्या घराण्याची रीत अशी की घरात जे अवजार येईल तेही त्या पाटावर बसतं, आणि एकदा बसलं की दरवर्षी बसतं, चालू असो की बंद. माझा टेस्टर आणि पक्कड बसते, विनीताची शिवणाची कात्री बसते. कॅमेरा आला त्याच्या पुढच्याच दसऱ्याला तोही बसला. कुंकू ओलं कालवून बोटाने लावायचं, वर हळद, वर अक्षता. कुठे लावायचं याचाही नियम आहे. वस्तू जिथून काम करते तिथे, म्हणजे तिच्या तोंडाला. तलवारीच्या धारेला, कात्रीच्या पात्याला, स्कूटरच्या दिव्याला. ही पूजा घरात मीच करतो; पाटावर वस्तू विनीता मांडते, पण कुंकू दुसऱ्या कुणाला लावू देत नाही.

तर कॅमेरा होता, वायरही त्याच पेटीत होती. नव्या बॅटऱ्या घातल्यावर लाल दिवा लागला, भिंग घर्रर्र करत बाहेर आलं. म्हणजे जीव होता. पाठीवरचा छोटा पडदा मात्र केव्हाच काळा पडलेला, त्यामुळे आत काय आहे ते बघायचं तर कंप्युटरला जोडल्याशिवाय इलाज नव्हता.

मधुरिमा शुक्रवारी ऑफिसातून थेट आमच्याकडे आली, आपला लॅपटॉप घेऊन. पहिलं दुखणं हे की लॅपटॉपला वायर जायला भोकच नाही. होती ती चपटी, बारीक, नव्या पद्धतीची. मी विचारलं की हे कुणाच्या सल्ल्याने बदललं, आम्हाला विचारलं होतं का? तिने पर्समधून एक जोडणी काढून लावली. मग चौकट आली, ओळखता येत नाही. मग तिने सांगितलं की या कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लागेल. ते पेटीत होतं, सीडीवर. सीडी घालायला लॅपटॉपला जागा नाही. मी ती सीडी हातात धरून लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून बघितला. तिने कंपनीच्या वेबसाइटवर शोधलं तर कंपनीने कॅमेरे बनवणंच बंद केलं होतं. वर दोन ओळी लिहिल्या होत्या की इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार. मी म्हटलं, यांचे आभार घालायचे चुलीत.

कार्ड काढून बघितलं. त्या कंपनीने जगावेगळं, स्वतःपुरतंच कार्ड काढलं होतं. आजच्या कुठल्याच खाचेत ते बसत नाही. ते वाचणारं यंत्र परदेशातून मागवता येतं, पण यायला तीन आठवडे. आणि आमच्याकडे होते चार दिवस.

मधुरिमाने पाचव्यांदा वायर काढून लावली, पाचव्यांदा चौकट आली, आणि माझी मूठ टेबलावर पडली ती तेव्हा. तिने शांतपणे चहा पुसला. मग विचारलं की हा कॅमेरा कंप्युटरला जोडायचा कधी बंद झाला, आधी तर व्यवस्थित चालायचा ना?

मी म्हटलं, "दोन हजार बारात. तुझ्या आईने बिघडवला."

विनीता तिथेच पलंगावर बसून लसूण सोलत होती. हाताच्या अंदाजाने सोलते, पाकळी वाया जात नाही. तिने मान वर केली नाही.

मला तो दिवस चांगला आठवतो. दसराच होता. माझे दोन्ही मेहुणे सहकुटुंब जेवायला आले होते. जेवणानंतर मीच विनीताला म्हटलं की तुझ्या वहिनींना फोटो दाखव. विनीताने वायर लावली तर काही येईना. पुन्हा लावली, येईना. सगळे वाट बघत बसलेले. मला अपमान वाटला, का कोण जाणे, आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो की हिच्या हातात द्यावं ते ही मोडून ठेवते, मशीन बायकांच्या हातात द्यायचीच नसते. ती काहीतरी सांगायला बघत होती, मी सांगू दिलं नाही. तिने कॅमेरा उचलला, वायर गुंडाळली आणि आत नेऊन ठेवला. त्यानंतर तिने एक फोटो काढला नाही. कुणी विचारलं की वहिनींचा छंद कुठवर आला, तर मीच सांगायचो की हौस होती, फिटली. दुरुस्तीला मी तो कॅमेरा कधी नेलाच नाही.

हे मी मधुरिमाला सांगितलं, अर्थात माझ्या बाजूने. तिने आईकडे बघितलं. विनीता म्हणाली, लसूण झाला, फोडणीला घे.

शनिवारी मी आणि मधुरिमा विजय नगरात एका चकाचक दुकानात गेलो. काचेची दारं, आत थंडगार हवा, डिसेंबरात. गळ्यात पट्टा अडकवलेला तिशीतला माणूस आला, त्याने कॅमेरा दोन बोटांत धरून असा बघितला की जणू मी त्याला मेलेला उंदीर दिला. म्हणाला, अंकलजी, ये तो अँटिक है. मी म्हटलं अँटिक मीपण आहे, तू फोटो काढून दे. त्याने आपल्या कंप्युटरला वायर लावली, तीच चौकट. त्याने खांदे उडवले. म्हणाला की नवीन विंडोज जुन्या डिव्हाइसला सपोर्ट करत नाही, कंपॅटिबिलिटी इशू आहे, काही होणार नाही. आणि मग वर शहाणपणा केला की आंटीजींचे नवे फोटो काढा ना फोनमध्ये, जुन्यात काय ठेवलंय.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं आठवतं की तुमच्या बापाने बनवलेलं तुम्हाला ओळखता येत नाही आणि काच लावून दुकान टाकून बसता, असं म्हटलं. माणसं वळून बघायला लागली. त्या माणसाचा चेहरा एकदम कोरा झाला. त्याने कॅमेरा काउंटरवर ठेवला, हात मागे बांधले आणि म्हणाला, सॉरी सर. त्यानंतर मी काहीही विचारलं तरी सॉरी सर.

बाहेर गाडीत बसल्यावर मधुरिमाने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. समोर बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही ओरडलात की समोरचा माणूस काम करणंच सोडून देतो. तो आणखी काहीतरी बघणार होता. आईनेही असंच सोडून दिलं असेल."

मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस.

रविवारी मी एकटाच निघालो. कुणाला न सांगता, कॅमेरा, वायर आणि ती सीडी पिशवीत घालून. अन्नपूर्णा रोडवर विष्णू भियाचा, इकडच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ, स्टुडिओ आहे. आमच्या लग्नाचे फोटो त्याच्या वडिलांनी काढले होते, तेव्हा तो त्यांचा फ्लॅश धरायचा, पुढे स्टुडिओ त्याच्याकडे आला. आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर चालतं. दोन वर्षांपूर्वी माझा एक पासपोर्ट फोटो वाकडा आला म्हणून मी त्याच्याशी भांडलो होतो आणि पुन्हा पायरी चढणार नाही असं सांगून आलो होतो. ती पायरी चढलो. त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं, वहिनींचे डोळे कसे आहेत?

मी सगळं सांगितलं. मंगळवार सांगितला. कंपन्यांना, लॅपटॉपला, दुकानदाराला शिव्या घातल्या. तो ऐकत होता. मग आतल्या खोलीत एक जुना, डबड्यासारखा कंप्युटर होता, त्यावरचा टॉवेल काढला. म्हणाला की जुन्या कॅमेऱ्यांची गिऱ्हाइकं अजून येतात, म्हणून हा ठेवलाय. यावर जुनी विंडोज आहे, सीडीपण जाते. मी म्हटलं, बघ, तो शहाणा म्हणत होता की नव्या विंडोजचा दोष. आता होणार.

सीडी घातली. सॉफ्टवेअर चढलं. वायर लावली.

ओळखता येत नाही.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात विष्णूने हात वर केला. म्हणाला, "थांबा, उदयसिंहजी. कंप्युटर बरोबर सांगतोय. त्याच्यापर्यंत काही पोहोचतच नाहीये."

त्याने डोळ्याला लावायचं भिंग घेतलं, जे घड्याळवाले लावतात ते. कॅमेऱ्याच्या कुशीत एक रबराचं झाकण आहे, त्याच्याखाली वायर जायचं भोक. ते झाकण त्याने नखाने पूर्ण मागे सारलं आणि दिव्याखाली धरलं. बराच वेळ बघत राहिला. मग सुई घेतली आणि आत घालून काहीतरी खरवडलं. पांढऱ्या कागदावर भुकटी पडली. काळपट लाल. मग पिवळी. मग पुन्हा लाल. मग एक तांदळाचा दाणा पडला, अर्धा तुटलेला.

"हे काय भरलंय?" त्याने विचारलं. "याची पूजा करता काय?"

मी ताठ मानेने सांगितलं की हौ, करतो, आमच्याकडे दसऱ्याला प्रत्येक अवजाराच्या तोंडाला... आणि तिथे माझी जीभ अडकली.

भिंगाला विनीता बोट लावू द्यायची नाही. पहिल्याच वर्षी तिने हात धरला होता की अहो, काचेला नको, डाग पडेल. मग मीच शोधून काढलं होतं दुसरं तोंड. वायर जिथून आत जाते ते. मी विजेचा माणूस, मला वाटलं खरं तोंड तेच, करंट तिथून जातो. दरवर्षी झाकण उघडून, ओलं कुंकू बोटावर घेऊन, आतपर्यंत भरून लावायचो. वर हळदीची चिमूट, वर अक्षता दाबायच्या आणि झाकण बंद. अठरा दसरे. मागच्या दसऱ्यालाही लावलं होतं. पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत फिरलो की बाबांनो, जोडणीत कचरा जाऊ देऊ नका.

विष्णू हसायला लागला होता, माझ्याकडे बघून थांबला. म्हणाला, एका वर्षाचं नाहीये हे, थरावर थर आहेत. खालचा थर पिनांना चिकटून हिरवा पडलाय, तोच आधी बसला असणार. मी विचारलं, किती जुना? तो म्हणाला, ते कसं सांगणार, पण ज्या दिवसापासून कंप्युटरने ओळखणं सोडलं, त्या दिवसाच्या आधीचा.

मला त्या दुकानात स्वतःची इतकी चीड आली की काय सांगू. ओरडायला कुणी नव्हतं. कंपनी नाही, लॅपटॉप नाही, गळ्यात पट्टा घातलेला तो दुकानवाला नाही. माझ्याच बोटाने भरलं आणि माझ्याच तोंडाने तिच्यावर ओरडलो. तेरा वर्षं सगळ्यांना सांगितलं की तिने बिघडवला. परवा मुलीदेखत पुन्हा सांगितलं, ती लसूण सोलत बसलेली असताना. मी स्टुलावर बसून राहिलो.

विष्णूने तासभर काम केलं. स्पिरिट, जुना दातांचा ब्रश, सुई, पुन्हा स्पिरिट. दोनदा जोडून बघितलं, नाही झालं. तिसऱ्यांदा कंप्युटरने टिंग केलं आणि पडद्यावर कॅमेऱ्याचं नाव आलं. खाली आकडा, सहाशे चौदा. त्याने सगळे पेन ड्राइव्हवर उतरवले आणि विचारलं, बघायचेत? मी नको म्हटलं. आधी ती बघेल. निघताना मी त्याला म्हटलं की त्या पासपोर्ट फोटोत मीच वाकडा बसलो होतो. तो म्हणाला, मला माहीत आहे.

घरी चालत आलो. वाटेत ठरवलं की सांगून टाकायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ठरलं की नको, मंगळवारी ऑपरेशन, तिला कशाला त्रास. असा माझा शूरपणा. घरात शिरलो तर मधुरिमा आलेली होती. मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हटलं की मिळाले सगळे, वायर खराब होती. कंपनीने वायरच फालतू दिली होती.

विनीता म्हणाली, बरं झालं.

संध्याकाळी चार वाजता आम्ही टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. विनीताची खुर्ची टीव्हीसमोर हातभर अंतरावर ओढली. पडदे ओढून घेतले. रिमोट माझ्याकडे. ती मान थोडी तिरकी करून, उरलेला डोळा नेमका लावून बसली, आणि मी एकेक फोटो पुढे सरकवत गेलो. एकाच वेळी तिला सगळा फोटो दिसत नव्हता. ती डोळा कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायची, मग हं म्हणायची, मग मी पुढचा लावायचो.

आई आली, गव्हाच्या ताटासह. विनीता म्हणाली, बोटातली अंगठी बघा, किती सैल झालीये. मला ती कधी दिसली नव्हती. लीलाबाई आल्या, पदर खोचलेला, पापड हवेत धरून. इस्त्रीवाला आला. मधुरिमा झोपलेली आली तेव्हा मधुरिमाने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काही फोटोंना विनीता म्हणायची, हा हलला, याला उजेड कमी पडला. मी बेचाळीस वर्षं जिच्याशी बोलतोय ती ही नव्हेच, असं वाटलं. ती आपल्या कामाबद्दल बोलत होती.

मी कुठे कुठे होतो. टेलिफोनवर ओरडताना, पाठमोरा. जेवताना, ताटाकडे बोट दाखवत. स्कूटरला लाथ मारताना. एका फोटोत मी नव्हतो, पण मधुरिमा दाराकडे बघत होती आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की दारात मी उभा आहे. मी रिमोट दाबत राहिलो.

सहाशे चौदावा आला.

अर्ध्या पडद्यावर एक बोट होतं. प्रचंड, धुरकट, टोकाला ओलं लाल कुंकू निथळत असलेलं, सरळ आमच्याकडे येणारं. बोटामागे माझा चेहरा, तोंड उघडं, ओरडताना. माझ्यामागे झेंडूची फुलं आणि तलवार. खाली कोपऱ्यात नारिंगी अक्षरात तारीख. चोवीस ऑक्टोबर दोन हजार बारा.

मला सगळं आठवलं. ती पूजेचे फोटो काढत होती. मी म्हटलं, आण तो कॅमेरा इकडे. ती म्हणाली होती, अहो, तिथे नका लावू, तिथे वायर जाते. मी ओरडलो होतो की तू मला शिकवू नकोस. तेवढ्यात तिचं बोट बटणावर पडलं असणार.

विनीता त्या फोटोकडे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. कुंकवाच्या बोटापासून सुरू करून, वर, माझ्या तोंडापर्यंत.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी. तुम्ही सगळ्यांसमोर वायर लावायला लावलीत ना, तेव्हाच भोकात दिसलं मला. सांगत होते. तुमचा आवाज मोठा होता."

"मग नंतर? तेरा वर्षं?"

"दरवर्षी मीच तो पाटावर ठेवत होते. वाटायचं, या वर्षी तरी झाकण उघडल्यावर आत बघतील."

मधुरिमाने आईचा हात धरला. मला कळेना कुठे बघावं. टीव्हीवर तर मीच होतो, ओरडत.

"पुढचा लावा," विनीता म्हणाली.

मी बटण दाबलं. टीव्हीवर पुन्हा पहिला फोटो आला, मस्कतहून आलेल्या कॅमेऱ्याचं रिकामं खोकं, तिने सगळ्यात आधी काढलेला.

"हा झाला. पुढचा लावा."

"पुढचा नाहीये, विनीता. तू नंतर काढलेच नाहीस."

"का?"

तिने मान वळवली आणि उरलेला डोळा माझ्यावर लावला. टीव्हीवर लावत होती तसाच, आधी एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या. मंगळवारचं सगळं त्या एका डोळ्यावर होतं आणि ती माझं तोंड बघत बसली होती. माझा आवाज इतका बारीक निघाला की मलाच ओळखू आला नाही.

"मी ओरडलो म्हणून," मी म्हणालो. "वायर चांगली होती. कॅमेरा मी बिघडवला आणि नाव तुझं लावलं."

"हं," ती म्हणाली, फोटोंना म्हणत होती तसंच. मग खुर्ची पुन्हा टीव्हीकडे वळवून घेतली. "आता पहिल्यापासून लावा. हळूहळू. मंगळवारपर्यंत वेळ आहे."

मी पहिल्यापासून लावले.